रात्रपाळीचं पोर

आमच्या मुलाचं नाव चंद्रप्रकाश. ते गावी असलेल्या सासऱ्यांनी ठेवलं, मी नाही. आणि नावाला जागायचं म्हणून की काय, सगळं मुलुंड निजलं की हा उगवायचा.

रडत नसे. रडला असता तर मी म्हटलं असतं, पोट दुखतंय, दात येतायत. रडणाऱ्या पोराची दया तरी येते. हा हसायचा. आधी अंधारात ‘हुंऽ’ असा आवाज, मग माझ्या तोंडावर एक ओली चापट. डोळे उघडले नाहीत तर पापणी धरून ओढायचा. तरी नाही उठले तर नाकात बोट. लाळ, चुरगळलेलं बिस्किट आणि कसलीशी आंबूस घाण माखलेलं ते बोट. लोक म्हणतात लेकराच्या तोंडाला दुधाचा वास येतो. येत असेल. मला दोन महिने शिळ्या पेजेचा येत होता, आणि त्याची शिसारी यायची. आईनं असं बोलू नये म्हणतात. जे म्हणतात ते रात्री झोपलेले असतात.

मग खेळ सुरू. वाटी-चमचा हवा. वाटी आपटायची, चमचा लांब फेकायचा, आणि तो मी रांगत जाऊन आणून दिला की खदखदून हसायचं. पलीकडच्या खोलीतली विमला मधल्या फळीच्या भिंतीवर थाप मारायची. मी चमच्याला फडकं गुंडाळलं, तर फडकं चोखून ओकला. गोधडी भिजली. मी मोरीत गोधडी पिळतेय आणि हा उंबऱ्याशी बसून टाळ्या वाजवतोय. खरं सांगते, त्या टाळ्यांची मला ओकारी यायची.

सासूबाई त्याच खोलीत, भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या असायच्या. त्यांना काही ऐकू येत नसे. मात्र सकाळी सहदेव जिन्याशी आले की चपलेचा आवाज त्यांना बरोबर यायचा.

सहदेव म्हणजे माझे मिस्टर. गिरणी बंद पडली तसे ते आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात लागले, पत्रा कापायच्या पॉवरप्रेसवर, कायमची रात्रपाळी. त्या प्रेसखाली दोघांची बोटं गेलेली त्यांनी पाहिली होती. म्हणून त्यांची झोप आमच्या घरात देवघराच्या वर होती. ते सकाळी यायचे, चहा प्यायचे, आणि झोपायचे. खिडकीला मी स्वतः जाड काळी चादर ठोकली होती. घड्याळाचा टोला बंद केला होता. रेडिओ विमलाकडे देऊन टाकला होता. दिवसा आमच्या खोलीत कुणी शिंकलं तरी सासूबाई डोळे वटारायच्या.

संध्याकाळी उठून डबा भरून निघताना सहदेव चंदूचा गालगुच्चा घ्यायचे आणि म्हणायचे, “काय शहाणं पोर आहे यार! दिवसभर हूं नाही की चूं नाही. नशीब लागतं.”

मी भाकरी थापत असायचे. ती परात त्यांच्या डोक्यात घालायची माझी इच्छा फार जुनी आहे.

आता माझ्या नोकरीचं सांगते, कारण सगळं तिच्यावर अडलं होतं. मी एका औषधांच्या कंपनीत टेम्पररी होते. इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या ट्यूबलाइटसमोर धरायच्या, उलट्या करायच्या आणि आत कचरा दिसतो का बघायचं. काचेचा कण, धागा, काळा ठिपका. दिवसभर घाण शोधायची, त्याचे पैसे. मी त्यात हुशार होते. पण टेम्पररी म्हणजे कधीही ‘उद्यापासून येऊ नकोस’. त्या वर्षी, चौऱ्याऐंशी साली, दिवाळीआधी काही बायकांना कायम करणार होते. त्यासाठी आमच्या सुपरवायझर उत्तराबाई एक पेटी द्यायच्या. त्यांनी मुद्दाम खराब कुप्या चांगल्यांत मिसळून ठेवलेल्या असायच्या. त्या सगळ्या काढून दिल्या, तरच नाव पुढे जायचं. सहदेवच्या कारखान्याचा काही भरवसा नव्हता. एक गिरणी बंद पडलेली आम्ही बघितली होती. मला कायम व्हायचंच होतं.

आणि माझे डोळे कांद्याच्या पोत्यात बुडवल्यासारखे चुरचुरायचे.

उपाय झाले नाहीत असं नाही. मला किळस यावी इतके झाले. सासूबाई म्हणाल्या, “दिष्ट लागली हा तेका.” मग मीठ, मोहऱ्या, मिरच्या ओवाळून शेगडीत. खोलीभर धूर, मी खोकतेय, विमला फळीवर थापा मारतेय, आणि चंदू धुरात हात घालून खिदळतोय. कपाळाला अंगारा लावला, तो त्यानं चाटून खाल्ला. कुणी म्हणालं, उंबऱ्यावर पालथा निजवा. कुणी म्हणालं, आईचंच दूध हलकं. माझ्या दुधापर्यंत चाळीतल्या लोकांची मतं आली होती.

मी एकदा विचारलंही, “आई, दिवसा फार झोपतो का हा?”

“निजता घटकाभर,” सासूबाई म्हणाल्या. “झिलाची जात ती. खेळतलोच.” झील म्हणजे मुलगा, आणि मुलग्याला सगळं माफ.

रविवारी माझी सुट्टी. तेव्हा दुपारी तो झोपायचा हे मला दिसत होतं, पण त्या काळ्याकुट्ट खोलीत मीही मेल्यासारखी पडायचे. मेलेल्या माणसाला काय कळतंय?

एकदा सहदेवांनाही म्हटलं होतं, “अहो, तुमच्या कारखान्यातला तो दिवसपाळीचा धोंडू म्हणतो ना, त्याच्या खोलीवर दिवसा खाट रिकामी असते. तुम्ही तिथे झोपाल का थोडे दिवस? घर जरा मोकळं होईल.” आपल्या कोकणातल्या माणसांत हे काही नवं नाही. चाळीतल्या एका गाळ्यात दहा-बारा जण राहायचे, एक पाळीला गेला की त्याच्या खाटेवर दुसरा. सहदेव लग्नाआधी तसेच राहिलेले. ते काही बोलायच्या आत सासूबाई उसळल्या.

“माझो झील काय सडो, बिनलग्नाचो आसा? घरात बायल आसताना परक्याच्या बाजल्यार कित्याक निजतलो? लोक काय म्हणतीत?”

सहदेव चपला घालायला लागले. आई बोलायला लागली की त्यांना नेहमी चपला सापडतात.

मग तो दिवस आला. उत्तराबाईंनी पेटी दिली. मी एकेक कुपी दिव्यासमोर धरत होते आणि प्रत्येक कुपीत मला धागे दिसत होते. मग कळलं की धागे माझ्याच डोळ्यांत आहेत. मग काहीच दिसेना. कुपी हातात, डोळे उघडे आणि मी झोपलेली. उत्तराबाईंनी खांद्याला हात लावला. मी चांगल्या कुप्या बाजूला काढल्या होत्या आणि काचेचा कण असलेली पास केली होती.

“सुगंधा, ही कुणाच्या तरी शिरेत गेली असती,” त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. त्यामुळे जास्त लागलं. “घरी जा. झोप. उद्या सकाळी पुन्हा पेटी देते. उद्या चुकलीस तर माझ्या हातात काही नाही.”

मी भर दुपारी घरी आले. बाहेर रखरखीत ऊन. दार ढकललं, तर आत मध्यरात्र.

चटईवर सहदेव. त्यांच्या कुशीत, हातपाय पसरून, चंदू. बाप आणि लेक एका सुरात घोरत होते. आणि कोपऱ्यात मोरीजवळ, दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात, सासूबाई सहाणेवर काहीतरी उगाळत होत्या. वास ओळखीचा होता. जायफळ.

“कित्याक इलंस?” त्या दचकल्या. “काय झाला?”

“हे रोज देता?” मी विचारलं. “सकाळी पण?”

मी सहाणेकडे बघितलं. तिच्यावर जायफळाचे थरावर थर वाळले होते, तपकिरी, चिकट. दिवसभर पोराला जायफळ देऊन निजवायचं आणि रात्री त्याची दृष्ट काढायची! मिरच्या जाळून मला खोकवायचं! आणि त्याहून किळस आली ती माझी. खिडकीला चादर मी ठोकली, टोला मी बंद केला, आणि पोर रात्रीचं का जागतं म्हणून गावभर विचारत फिरत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा. आमच्या घरात दोन माणसं रात्रपाळीला होती, त्यातलं एक रांगत होतं.

“मगे काय करू?” सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. एवढ्यातही त्यांना झिलाच्या झोपेची काळजी. “ह्यो जागो ऱ्हवलो तर सहदेव उठतलो. नीज नाय झाली तर मशिनीत हात जातलो तेचो. चलात तुका?”

“आणि माझं?”

“तुझा काय? तू जवान आसस. दोन म्हयने जागलंस म्हणान मरूचंस नाय.”

हे त्या वाईटपणानं बोलल्या नाहीत. भाजीत मीठ किती घालायचं सांगावं तसं सांगितलं. त्या एवढ्याशा खोलीत सगळ्यांची झोप मावत नव्हती. मग एकीची बाहेर ठेवायची, ती माझी, हे केव्हाच ठरलं होतं. मला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

मी भांडले नाही. भांडायला झोप झालेली लागते. मी तिथेच आडवी झाले, पण डोळा लागला नाही.

रात्री सहदेव डबा घेऊन गेले. नेहमीच्या वेळेला अंधारात ‘हुंऽ’ झालं. तोंडावर ओली चापट बसली. मी उठले, चंदूला उचललं, सासूबाईंना हलवलं. त्यांना ऐकू येत नव्हतं. आणखी जोरात हलवलं. मग त्यांच्या मांडीवर पोर ठेवलं आणि वाटी-चमचा हातात दिला.

“आई, तुमच्या झिलाची बोटं त्याच्या झोपेवर आहेत ना? तसे माझे डोळे माझ्या झोपेवर आहेत. उद्या मला पेटी आहे.”

उशी उचलली आणि विमलाच्या दारावर थाप मारली. विमलानं माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता सतरंजी टाकली. “ये गं बाई,” म्हणाली, “आज फळीवर थापा मारायचं तुझं काम.”

फळीपलीकडे वाटी वाजायला लागली. चमचा पडला. सासूबाई कण्हत उठल्याचं ऐकू आलं. पुन्हा पडला. मग चंदूचं खदखदणं, मग ओकल्याचा आवाज, मग बराच वेळ “श्शी, श्शी”. मी ऐकत होते आणि मला बरं वाटत होतं. अगदी शेवटी, झोपेत बुडता बुडता, फळीला तोंड लावून कुणीतरी रडकुंडीला येऊन म्हणालं, “अगो सुगंधा, ह्यो निजना नाय गो!”

मी कूस बदलली.

सकाळी उत्तराबाईंनी पेटी दिली. काच, धागा, ठिपका, सगळं असं लखलखीत दिसत होतं की मला हसू आलं. एकही सुटली नाही. उत्तराबाईंनी नुसती मान डोलावली आणि नाव लिहून घेतलं.

संध्याकाळी घरी आले तर खिडकीवर चादर नव्हती. खोलीत ऊन आलं होतं आणि त्या उन्हात आमच्या घरात किती धूळ आहे ते पहिल्यांदाच दिसत होतं. सहदेवांची चटई गुंडाळलेली. चंदू उन्हात बसून, रडून रडून, झोपेला येऊन डोळे चोळत होता. सासूबाई भिंतीला टेकल्या होत्या. पदराला ओकारीचा डाग, डोळे लाल.

“हे कुठायत?” मी विचारलं.

“धाडलंय तेका धोंडूच्या खोलयेर. सकाळी इलो तसोच. आता दिसाचो थंयच निजतलो.” त्यांनी डोळे चोळले. “माझे डोळे बघ गो कसे चुरचुरतत. माणसान जागूचा तरी किती?”

दोन महिने माझे चुरचुरत होते, तेव्हा त्यांचा झील सडा नव्हता आणि लोक काय म्हणतील याची भीती होती. एका रात्रीत लोक कुठे गेले कुणास ठाऊक.

मी पिशवी ठेवली, पदर खोचला, आणि आधी ती सहाण उचलून मोरीत घासायला बसले. वाळलेलं जायफळ निघता निघत नव्हतं. मागून सासूबाईंनी विचारलं, “पास झालंस?”

मी घासत राहिले. भिंतीकडे तोंड केलं की काही ऐकू येत नाही, हे मलाही आता जमायला लागलं होतं.