मेकॅनिकसमोर शहाणं इंजिन

जगात दोन गोष्टी दाखवायला नेल्या की आपोआप बऱ्या होतात. डॉक्टरकडे नेलेली दाढ आणि गॅरेजात नेलेली गाडी. तिच्या गाडीने तर यात प्रावीण्यच मिळवलं होतं. ती घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची. टेकडीवरच्या वसाहतीचा चढ, मागे भोंगा वाजवणारा ट्रक, शेजारच्या सीटवर नमुन्यांची बर्फाची पेटी, असा मुहूर्त साधून गाडी बारीकसा आवंढा गिळायची आणि गप्प व्हायची. ओढून दादाच्या गॅरेजात नेली, की किल्ली लावताच पाहुण्यांसमोरच्या पोरासारखी शहाणी!

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो बॉनेटला कान लावायचा, हात पुसायचा आणि निकाल द्यायचा, "ठमे, दुखणं गाडीला नाही, चालवणारीला आहे."

पुढे पत्रा गंजून गाडी भंगारात गेली. इंजिन मात्र नवऱ्याने ठेवून घेतलं. नवरा विम्याच्या कचेरीत होता. दिवसभर तो लोकांच्या मरणाचा अंदाज बांधायचा आणि संध्याकाळी घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या मरणाची जुळवाजुळव करायचा. निदान तिला तरी ते तसंच दिसायचं. तो त्याला जायरोप्लेन म्हणायचा. नळ्यांच्या सांगाड्यावर एक खुर्ची, डोक्यावर वाऱ्याने आपसूक फिरणारं लांब पातं आणि पाठीमागून ढकलणारा पंखा. त्या पंख्याला आता तिच्या गाडीचं इंजिन जोडलं होतं. गिअरबॉक्स काढून, मधे पट्टा घालून सगळी जोडणी दादाने केली होती, आणि कुठे नाव ठेवायला जागा नव्हती.

"अहो, हे चढावर बंद पडतं," ती म्हणाली होती.

"आकाशात चढ नसतो."

"मग वर कसे जाणार?"

नवऱ्याने डोक्यावरच्या पात्याकडे बोट दाखवलं. "आणि पडलंच बंद, तरी वरचं पातं फिरत राहतं. अलगद खाली येतो माणूस."

"खाली काय असेल त्यावर आहे ते."

खाली काय असेल ते आज, पहिल्या उड्डाणाच्या दिवशी, तिला समोरच दिसत होतं. बंद कारखान्याचं लांबलचक पटांगण, त्याच्या टोकाला भिंत, भिंतीपलीकडे झाडं आणि झाडांच्या शेंड्यांवरून विजेच्या तारा. सकाळ स्वच्छ होती, वारा पडलेला होता. भीती वाटायला हवेचं काही निमित्तसुद्धा नव्हतं.

यंत्र साखळीने खांबाला बांधून दादाने इंजिन पूर्ण जोरात चालवून दाखवलं. धूळ उडाली, साखळी ताणली, पण आवाज कुठे हलला नाही. बराच वेळ झाल्यावर दादाने ते बंद केलं. "घड्याळ आहे घड्याळ! सोडा साखळी, जावईबापू."

नवऱ्याने हेल्मेटचा पट्टा आवळला. ती साखळीपुढे येऊन उभी राहिली.

"थांबा. पुन्हा चालवा. पण दादा, तू इथे नकोस."

"म्हणजे?"

"इतकी वर्षं ही गाडी मी चालवली. तुझ्यासमोर एकदा तरी बंद पडली?"

"नाही."

"मग तुझ्यासमोरच्या परीक्षेला काय अर्थ? तू वर सोबत जाणार आहेस का?"

दादा पोट धरून हसला. "इंजिन मला घाबरतं म्हणतेस?"

"हो. आणि मी त्याला."

नवऱ्याने डोळे फिरवले, पण हे एकदाचं उरकलं की बायको गप्प बसेल असा त्याने हिशेब केला. दादा बिस्किटं आणायच्या निमित्ताने फाटकाबाहेर गेला. नवरा खुर्चीत बसला. इंजिन सुरू झालं आणि हळूहळू पूर्ण जोरावर गेलं.

पंख्यापासून लांब, ती बाजूला उभी राहिली. बंद पडलं तर आपली भीती खरी, आणि नाही पडलं तर नवरा त्या तारांकडे जाणार. जन्मात पहिल्यांदा ती त्या इंजिनाला विनवत होती, बाबा रे, पड बंद. ते काही ऐकेना. साखळीची एकेक कडी थरथरत होती. नवरा तिच्याकडे बघून हसला, त्याने अंगठा वर केला. तिला परत हसता आलं नाही. आता दादा येईल, आता साखळी सुटेल.

आणि तो आवंढा आला.

बारीकसा. तिच्याशिवाय कुणालाच ओळखू न येणारा. तिचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधू लागला. पुढच्या श्वासाला इंजिन गप्प झालं. पंखा दोनचार वेळा गरगरला आणि थांबला. पटांगणात इतकी शांतता झाली, की सैल पडलेल्या साखळीचा आवाज ऐकू आला.



"तुम्ही बंद केलंत?" तिने विचारलं.

"...हो."

"कुठल्या हाताने?"

त्याने खाली पाहिलं. दोन्ही हातांनी खुर्चीची नळी गच्च धरली होती. मग त्याने मान वर करून भिंतीकडे पाहिलं.

"एव्हाना मी भिंतीच्या पलीकडे असतो," तो म्हणाला. "तारांच्या जरा अलीकडे."

दादा पुडा फोडतच आला. "काय झालं?" त्याने वाकून किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं आणि मांजरासारखं गुरगुरू लागलं. "बघा! याला काय धाड भरलीय?"

"दादा," नवरा खुर्चीतून उतरत म्हणाला, "तुम्ही बसा. मी साखळी सोडतो."

दादाच्या तोंडातलं बिस्किट तिथेच थांबलं. "मी? काहीतरीच काय! मला बायकापोरं आहेत."

"बायको मलाही आहे," नवरा म्हणाला आणि हेल्मेटचा पट्टा सोडू लागला. तिने धावत जाऊन त्याला दंडाला धरलं. दुसऱ्या हाताने तिने इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून मुठीत धरली.

"पण बिघाड असा काहीच नाही हो," दादा पुन्हापुन्हा सांगत राहिला.

नवऱ्याने किल्ली मागितली नाही.