मोठीचा कल

वेधशाळेत तिला सगळे ‘कोनवाली’ म्हणत. चार वर्षं ती एकाच दीर्घिकासमूहाची छायाचित्रं घेऊन बसली होती. पांढऱ्यावर काळे, लांबुळके ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एक दीर्घिका, अब्जावधी तारे. प्रत्येकाच्या लांबीवर रेघ ओढायची, कोन टिपायचा. पडदे ओढलेल्या खोलीत भर दुपारी तिला वाटे, आपण पाण्याच्या तळाशी बसलोय आणि हे ठिपके डोक्यावरून संथ पोहत चाललेत.

आणि एके दिवशी तिला दिसलं, तीनशे बारा दीर्घिकांपैकी बहुतेक सगळ्या एकाच बाजूला कललेल्या आहेत. विभागप्रमुख बाई हरखल्या. “अगं, सोमवारी सगळ्यांसमोर मांडूया!”

रविवारी तिने वडिलांना खोली दाखवायला आणलं. बाबांनी उभा जन्म जमिनी मोजण्यात घालवलेला. संगणकाच्या पडद्याकडे ते कितीतरी वेळ बघत राहिले.

“कॅमेरा नेहमी असाच धरलेला असतो?”

“बहुतेक वेळा असाच. का?”

“आडवा धरून बघ. एकाच बांधावरून घेतलेलं माप मी कधी कागदावर चढवलं नाही. आमच्याकडे माप चुकलं तर शेजारी भांडायला यायचा. तुझ्याकडे कोण येणार?”

ती हसली, पण लगेच संगणकाकडे वळली. कॅमेरा काटकोनात वळवून घेतलेली काही छायाचित्रं होती. तिने ती कधी उघडलीच नव्हती. आता उघडली. रेघ, कोन. रेघ, कोन. बाबा खुर्चीतच पेंगले. उन्हं कलेपर्यंत सगळं स्पष्ट झालं. कॅमेरा वळला तसा त्या दीर्घिकांचा कलही वळला होता. कॅमेराच प्रत्येक ठिपका किंचित ओढून लांबवत होता. ते ओढणं वजा केल्यावर धाकट्या दीर्घिकांचे कल वाटेल तसे पांगले. चार वर्षं पाण्यात!

मधली सगळ्यात मोठी मात्र हलेना. तिने तीनदा मोजलं. मग तिची रेघ लांब, छायाचित्राबाहेर नेली. ती थेट शेजारच्या समूहाला जाऊन भिडली.

“बाबा, उठा ना! या दोन समूहांमध्ये एक अंधारी, न दिसणाऱ्या पदार्थाची वाट असणार. त्या वाटेने दीर्घिका आत येतात आणि ही त्यांना पोटात घेते. म्हणून त्याच बाजूला लांबत गेलीय.”

बाबांनी डोळे चोळले. “म्हणजे वाट बघत बसलीय म्हण की.”

सोमवारी तिने बाईंना खरं ते सांगितलं. बाईंनी तिचे आकडे पुन्हा पाहिले.

“एकीवर काय मांडणार?”

“बाकीच्या समूहांमधल्या मोठ्या बघते, मॅडम. कॅमेरा उभा-आडवा, दोन्ही तऱ्हांनी धरून.”

त्याला आणखी दोन वर्षं लागली. एकेचाळीस समूह झाले. त्यातल्या एकोणतीस समूहांतली मोठी आपल्या शेजारच्या समूहाकडे कललेली निघाली. शेवटचा कोन टिपल्यावर ती लगेच उठली नाही. इतक्या अफाट अंतरावरून, कुणी न सांगता, त्या एकमेकींकडे वळल्या होत्या. हात मांडीवर ठेवून ती नुसती बघत राहिली.