ऑक्टोपॅडवर कोण

बॅगेची चेन अर्धवट उघडी दिसली तिथेच हर्षाचं डोकं फिरलं. ती स्वतः ती चेन कधी तशी ठेवत नसे. चप्पल न काढताच ती खाटेपाशी गेली, काड्यांनी वाजवायचा ऑक्टोपॅड बाहेर काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. आठ रबरी चौकोनांपैकी एका बाजूचे दोन तळलेल्या पापडासारखे फुगून वर आले होते.

"अश्विन, याले कोनं हात लावला?"

अश्विन तिचा धाकटा भाऊ. भिंतीला टेकून मोबाइल बघत होता, तो बघतच राहिला. बाबांनी सांगितलं म्हणून काल पवनीकडच्या मंडईतल्या कार्यक्रमाला नेला होता, म्हणाला. विचारायला ताई घरी कुठे होती, ती तुमसरला मावशीकडे मुक्कामी.

"तुही मशीनच कमजोर हाय, ताई. दोन खाने वाजूनच नाही राहिले."

तिने हेडफोन लावून एकेका चौकोनावर काडी मारून पाहिली. सहा बोलले. दोन मुके.

ही मशीन तिने कशी घेतली होती ते सांगायला हवं. वरठीच्या स्टेशन रोडवर एका ऑनलाइन सेंटरमध्ये ती लोकांचे दाखले काढून देते. गिऱ्हाईक नसलं की कानात हेडफोन आणि समोर नव्या वाद्यांचे व्हिडिओ. कोणत्या कंपनीचं कोणतं मॉडेल आलं, जुन्यापेक्षा त्यात काय जास्त आहे, कशाचं रबर हाताला बरं लागतं, सगळं तिला पाठ. हे सांगावं कोणाला? सेंटरवर माणसं येतात ती उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. आई धुरपता म्हणायची, बाकीच्या पोरी मंगळसूत्राची डिझाइन पाहतात आणि आमची डबे पाहते. पण हर्षाने आपल्या पगारातून तो डबा घेतलाच. नागपूरच्या दुकानातल्या पोराने विचारलं, भावासाठी घेता का? तिने काड्या उचलल्या आणि त्याच्या समोर वाजवून पाहिलं. एसटीत डिकीवर भरवसा नव्हता म्हणून घरापर्यंत मांडीवर घेऊन आली.

आणि घरी आल्यावर काय झालं? जे आपल्याकडे होतं तेच. बापाने मशीनवरून हात फिरवला आणि म्हणाला, छान झालं, आता अश्विनले शिकव.

बाप म्हणजे यादोराव मेश्राम. दुय्यम, म्हणजे सवाल-जवाबाच्या, कव्वालीची पार्टी चालवतो, बेंजो स्वतः वाजवतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते तेव्हा भरदुपारी त्याचे कार्यक्रम असतात. स्टेजच्या एका अंगाला एक पार्टी, दुसऱ्या अंगाला दुसरी, एकाने गाण्यातून सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. यादोरावचा आवाज अजून खणखणीत आहे. पोरींना शिकवा, पोरींना पुढे आणा, या गाण्यावर म्हाताऱ्या बाया पदराने डोळे पुसतात. त्याच्या पार्टीत बायाही आहेत. त्या मागे बसतात, एका माईकवर कोरस म्हणतात आणि टाळ्या वाजवतात. वाद्याला बाईचा हात नाही. का नाही, हे कोणी सांगत नाही, कारण कोणी विचारलेलंच नाही. समोरच्या पार्टीची सत्यभामा बाई असून वीस वर्षं त्याला स्टेजवर सवाल टाकते ते चालतं, पण आपल्या पोरीने काडी धरली की लोक काय म्हणतील!

हर्षाने अश्विनला शिकवलं. आज नाही तर पुढच्या खेपेला आपण बसू, असं ती स्वतःला समजावत होती. पुढची खेप आली आणि गेली. बॅनरवर मोठ्या अक्षरात 'ऑक्टोपॅडसह' छापून आलं, पोरं अश्विनसोबत सेल्फी काढू लागली, आणि हर्षा मागे बसून टाळ्या वाजवू लागली. तिचीच मशीन, तिनेच भरलेले आवाज, आणि टाळ्याही तिच्याच.

"खरं सांग, काय केलं त्याचं?" तिने अश्विनच्या हातातला मोबाइल काढून घेतला.

तेव्हा तो बोलला. हिरालाल बुड्याने विस्तवावर शेकला म्हणे. आणि मुद्दाम शेकला. बाबांनी त्याला पुढच्या कार्यक्रमापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं, त्याचा राग त्याने मशीनवर काढला.

पार्टीतून हिरालालला काढलं, हे हर्षा पहिल्यांदाच ऐकत होती. हिरालाल या पार्टीचा ढोलकवाला, पार्टी सुरू झाली त्या दिवसापासूनचा. ती तशीच उठली आणि त्याच्या घराकडे निघाली. वाटेत कोणीतरी जय भीम घातला, तिने घेतलाही नाही. म्हाताऱ्याला काय काय बोलायचं ते तिने फाटकापर्यंत जुळवून ठेवलं होतं.

हिरालाल अंगणात धानाच्या तणसाची पेंढी बांधत होता. तिला पाहताच त्याने पेंढी टाकली, आणि तिने तोंड उघडण्याआधी सगळं स्वतःच सांगून टाकलं. पहाटे गाडी निघायच्या आधी थंडी फार होती. थंडीत, दवाने ढोलकीचं कातडं सैल पडतं, आवाज बसतो, म्हणून ती शेकोटीजवळ धरून शेकायची, ही जन्माची सवय. ढोलक शेकून झाली. बाजूला हर्षाचं वाद्य पडलेलं दिसलं. त्याच्यावर कोणी पांघरूणसुद्धा घातलेलं नव्हतं.

"मी मटलो, याचं बी आंग सर्दावलं असंन. एक बाजू शेकली तं वास आला. मंग सोडून देलो." त्याने हात कुर्त्याला पुसले. "तू असती तं हात लावू देल्ला नसता. मले कोनाले पुसाचं होतं, बाई? अश्विनले? थो गाडीत झोपून होता."

हर्षाला जे बोलायचं होतं त्यातलं काहीच बोलता येईना. मशीन आणली तेव्हा याच अंगणात ती रेकॉर्डिंगसाठी मोबाइल घेऊन बसली होती. म्हाताऱ्याने ढोलक शेकली, दोऱ्या ओढल्या, आणि एकेक थाप वेगवेगळी वाजवून दिली. पुन्हा दे म्हटलं की पुन्हा दिली. ते आवाज तिने मशीनमध्ये भरले. ऐकून तो लहान पोरासारखा हसला होता. सगळ्या पार्टीत त्या मशीनला वाद्य म्हणणारा हा एकच माणूस, आणि त्याच्याच हाताने ते भाजलं.

"तुमाले बाबा काय म्हनले, काकाजी?"

हिरालालने पेंढी पुन्हा हातात घेतली. गाडीत जागा नाही म्हणाले, असं म्हणाला. 

पुढचं तिला बापाकडूनच कळलं. यादोराव जेवायला बसला होता. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली पार्टीला मिळालेली मानचिन्हं. हर्षा समोर उभी राहिली. काकांना का काढलं, तिने विचारलं. यादोरावने भाताचा घास गिळला आणि हिशेबाची साधी गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

"हिरालालचा ढोलक तं तुनं मशीनमंदी भरलाच हाय. मंग हिरालालले कायले बसवाचं गाडीत?"

 ज्या म्हाताऱ्याने जीव ओतून आवाज दिला, त्याच्या पोटावर तिच्याच हाताने पाय दिला गेला होता, आणि तोही तिला न विचारता. तिला रडू आलं नाही. तिला इतका राग आला की ताटाला लाथ मारावीशी वाटली. धुरपताने ते ओळखलं असावं. तिने वरणाचं भांडं हळूच बाजूला सरकवलं.

रविवारी करडीची मंडई होती, समोर सत्यभामेची पार्टी. हर्षा म्हणाली, दोन खाने मेले तरी सहा जिवंत आहेत. आवाज इकडचे तिकडे करून काम भागवता येईल, पण ते तिलाच येतं. अश्विनला जेवढं पाठ आहे तेवढंच पाठ आहे.

"मशीन येईन तं मी वाजवीन. आन् काकाजी बी येतीन. नाही तं मशीन घरी राहीन."

"लोक काय म्हनतीन? यादोरावच्या घरी पोरगं नाही?"

"स्टेजवर तं पोरीले पुढं आना म्हनता तुमी."

"गानं गान्याच्या जागी," यादोराव म्हणाला आणि पाण्याचा गडू तोंडाला लावला.

तीस वर्षं गात आलेला माणूस हे बोलला. धुरपता एवढंच म्हणाली की बॅनरवर ऑक्टोपॅड छापलेला आहे आणि करडीवाल्यांनी तो पाहूनच सुपारी दिली आहे. यादोरावने गडू खाली ठेवला. मग म्हणाला, ये. हिरालालचंही तसंच. अश्विन मोटरसायकलने येईल आणि स्पीकरकडे पाहील. हर्षाला वाटलं, संपलं एकदाचं. एवढी हुशार पोरगी, पण बापाच्या बाबतीत भोळीच.

करडीला मंडई भरभरून लागली होती. कापणी झालेल्या धानाच्या बांधीत दुकानं, पाळणा, जिलेबीचा धूर, आणि शाळेच्या मैदानात स्टेज. बाया एका अंगाला दाटीवाटीने बसल्या होत्या, लेकरं मांडीवर. हर्षा स्टेजवर पुढे, बापाच्या उजव्या हाताला बसली, तेव्हा बायांमध्ये कुजबुज झाली. तिने पांढरी साडी नेसली होती, पदर घट्ट खोचला होता, आणि काड्या हातात होत्या. शेजारी हिरालाल ढोलक मांडीवर घेऊन बसला होता. त्याने सकाळी ती दोनदा शेकली होती.

कार्यक्रमाच्या आधी साथसंगत सांगायची पद्धत असते. कोण कशावर बसला आहे ते शाहीर माईकवर सांगतो, नाव घेतलेला माणूस हात जोडतो, लोक टाळ्या देतात. वाजवणाऱ्याला वर्षभरात मान मिळतो तो एवढाच. यादोरावने घसा साफ केला. बेंजोवर आपला सेवक यादोराव, म्हणाला. कोरसच्या बायांची नावं घेतली. ढोलकवर हिरालालजी. टाळ्या झाल्या.

"आन् ऑक्टोपॅडवर आपला अश्विन."

अश्विन स्पीकरजवळ उभा होता. तो दचकला. त्याने एकदा बहिणीकडे पाहिलं, आणि मग लोकांना हात जोडले. लोकांनी टाळ्याही दिल्या. समोर साडी नेसलेली बाई काड्या घेऊन बसलेली सगळ्यांना दिसत होती, तरी दिल्या.

चुकून झालं असेल, असं कोणी म्हणेल. चुकून काही झालं नव्हतं. ते नाव घेताना यादोरावने उजवीकडे मान वळवली नव्हती.

हर्षाने काड्या मांडीवर ठेवल्या.

यादोरावने बेंजो छेडला, आलाप घेतला, आणि ठेका उचलायची खूण म्हणून डावा हात खाली आणला. ठेका आला नाही. त्याने पुन्हा हात उचलून खाली आणला. मग हिरालालकडे पाहिलं. हिरालालने एक थाप दिली असती तरी सगळं निभावलं असतं. त्याला ही जागा कालच परत मिळाली होती, आणि इथून घरी गेल्यावर ती राहणार होती की नाही हे बेंजोवाल्याच्या मर्जीवर होतं. म्हाताऱ्याने हर्षाच्या मांडीवरच्या काड्या पाहिल्या. ढोलक मांडीवरून उतरवली, बाजूला उभी केली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला.

एक नाव घ्यायचं होतं फक्त. यादोरावने ते घेतलं नाही. तो बिनाठेक्याचाच गायला लागला. पोरीला शिकवा, पोरीला पुढे आणा, तेच गाणं, त्याचं स्वतःचं. कोरसच्या बायांना कुठे उचलायचं कळेना, त्या एकमेकींकडे पाहू लागल्या. लोकांनी आपल्याकडून टाळ्यांचा ठेका धरून पाहिला, तो चार ठिकाणी चार तऱ्हेने पडला आणि विझला. खणखणीत आवाजाचा माणूस, पण ओळ लांबत गेली आणि कुठे थांबावं हे त्याला समजेनासं झालं. तरी त्याने सगळी कडवी म्हटली. एकही गाळलं नाही.

हर्षा उठली नाही. उठली असती तर ती जागा रिकामी झाली असती, आणि अश्विन स्पीकरजवळ उभाच होता. ती समोर बघत बसून राहिली. 

गाणं संपलं. टाळ्या झाल्या नाहीत. आता पाळी सत्यभामेची होती, आणि तिने जवाब गाऊन द्यायचा होता. तिने माईक हातात घेतला. तिच्या ढोलकवाल्याने हात उचलला, तिने त्याला थांबवलं.

"यादोभाऊ, जवाब मंग देतो. पयले एक सांगा. पॅडवर बसली थे पोरगी कोन हाय?"

 यादोराव बेंजोची तार पिळू लागला. पिळलेलीच तार त्याने पुन्हा पिळली.

"हर्षा," हर्षा म्हणाली. "हर्षा मेश्राम. ऑक्टोपॅड वाजवतो मी."

तिच्यासमोर माईक नव्हता. पुढे बसलेल्यांनाच काय ते ऐकू गेलं. मागच्या बायांनी विचारलं, काय म्हनली व? पुढच्यांनी मागे वळून सांगितलं, त्यांनी त्यांच्या मागच्यांना सांगितलं, आणि शेवटच्या रांगेपर्यंत ते पोचेस्तोवर सत्यभामा माईक खाली धरून थांबली.