पहिल्या रात्रीची पेटी

फौजेतल्या माणसाशी लग्न केलं की संसार पेट्यांत करायला शिकावं लागतं. आमच्या पेट्या काळ्या, पत्र्याच्या, आणि प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नवऱ्याचा हुद्दा आणि नाव. हुद्दा वाढला की रंगाची डबी काढून मीच जुना खोडते आणि नवा लिहिते. बहुतेक पेट्यांत काय आहे हे मलाही सांगता येणार नाही. एक तर दोन बदल्यांपूर्वी बांधली ती अजून उघडलेलीच नाही. तिच्यावर गादी टाकून आम्ही तिचा दिवाण केला होता.

पण एक पेटी वेगळी. तिला आम्ही पहिल्या रात्रीची पेटी म्हणतो. ती ट्रकमध्ये सगळ्यांत शेवटी चढते आणि नव्या घरी सगळ्यांत आधी उतरते. आत दोन चादरी, एक जाड ब्लँकेट, किटली, कप, मेणबत्त्या, एक बल्ब आणि पेचकस. नव्या घरात दिवे कुठले लागतात आणि नळ कुठला गळतो ते कळायच्या आधी ही पेटी उघडायची, जमिनीवर चादर पसरायची, चहा करायचा. एवढं झालं की आम्ही पोचलो असं धरायचं.

आमच्या मांजरीचाही हाच नियम. तिचं नाव बाईसाहेब, कारण ती तशीच वागते. प्रवासात ती टोपलीत दगडासारखी बसते, भीतीने आवाजच बंद होतो तिचा. नव्या घरी टोपली उघडली की ती थेट रिकाम्या पेटीत शिरते आणि रात्रभर तिथेच झोपते. सकाळी बाहेर येऊन भिंतीच्या कडेकडेने सगळं घर हुंगते, एकेक कोपरा तपासते, आणि मग जेवायला मागते. त्यानंतरच मला ते घर आपलं वाटतं. कुत्र्याचं नाव हवालदार. तो तांबूस, एक कान पडलेला, आणि बाईसाहेबांच्या थपडा खाऊन खाऊन शहाणा झालेला. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, असं मी सगळ्यांना सांगत असे.

या वेळी बदली समुद्रापार झाली. नवरा दोन महिने आधी गेला. मी, दहा वर्षांची लेक आणि ही दोन जनावरं मागून विमानाने जायचं ठरलं. जनावरांच्या लसी, चिप, प्रमाणपत्रं, पिंजऱ्यांची मापं यांत माझ्या नाकीनऊ आले. बाईसाहेबांना पिंजऱ्याची सवय व्हावी म्हणून तो महिनाभर उघडा ठेवला होता; तिने त्यात एकदाही पाऊल टाकलं नाही. ती झोपायची नवऱ्याच्या जुन्या स्वेटरवर. तो गेल्यापासून तिने तो स्वेटर सोडला नव्हता.

मला या जाण्याची भीती वाटत होती. ती मी कोणाला बोलून दाखवली नव्हती. फौजीची बायको कुठेही संसार मांडते असं सगळे म्हणतात, आणि ते ऐकून घेता घेता आपण खरंच तशा आहोत असं दाखवायची सवय लागते. भाषा येत नाही, रस्ते ठाऊक नाहीत, आणि नवरा फोनवर सगळं उत्तम आहे असं इतक्या वेळा सांगायचा की मला शंकाच यायची. म्हणून मी जास्तच खणखणीत वागत होते. तिकडचं घर सामानासकट मिळणार होतं, तेव्हा पहिल्या रात्रीची पेटी या वेळी हवीच कशाला, असं मीच ठरवलं. जाऊ दे इतर पेट्यांबरोबर जहाजाने.

सामान बांधायला मुकादम आपली माणसं घेऊन सकाळीच आला. बोलघेवडा माणूस. गोदामात कंटेनर भरला की दार लावून आत कीड मारायचा गॅस सोडतात, तो रात्रभर आत ठेवतात, हे त्याने मला कौतुकाने सांगितलं. "एक झुरळ जिवंत पोचणार नाही, मॅडम." झुरळांचा मला भयंकर तिटकारा. मी त्याला चहा दिला.

बाईसाहेबांना मी न्हाणीघरात ठेवून दार लावलं होतं. मग दिवसभर माणसांची ये-जा, चिकटपट्टीचा करकर आवाज, पुठ्ठ्याची धूळ. दुपारी पेटीत शेवटचं ब्लँकेट टाकलं, तेवढ्यात मुकादमाने काचेच्या सामानासाठी हाक मारली. परत आले तर झाकण लागेना. झाकण लागत नसलं की मी त्यावर बसते, हा आमच्या घरातला जुना विनोद आहे. बसले, कडी लावली, कुलूप घातलं, किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली.

दोन माणसं ती पेटी उचलायला वाकली आणि हवालदार त्यांच्या अंगावर धावला. आजवर त्याने कोणावर दात विचकले नव्हते. मी त्याला दोन शब्द सुनावून गॅलरीत बांधला आणि त्या माणसांची माफी मागितली. ट्रक निघून गेला.

घर रिकामं झालं तशी लेक ताटली घेऊन न्हाणीघरात गेली आणि परत आली.

"आई, ती आत नाहीये."

मी म्हटलं, नीट बघ. मग मीच बघितलं. न्हाणीघरात बघण्यासारखं काय असतं? बादलीसुद्धा बांधून गेली होती. कोणीतरी हात धुवायला दार उघडलं असणार आणि जाताना पुन्हा लावलं असणार. बंद दार बघून मी दिवसभर निर्धास्त राहिले होते.

रिकाम्या घरात मांजर शोधणं ही भयानक गोष्ट आहे. लपायला जागाच नसते. पडदा नाही, कपाट नाही, पलंग नाही, आणि तरी आपण त्याच त्या खोल्यांत पुन्हा पुन्हा शिरतो. आमच्या हाका भिंतींवर आपटून परत येत होत्या. लेक जिना, गच्ची, शेजारी सगळीकडे विचारून आली. मी रस्त्यावर उभ्या गाड्यांखाली वाकून पाहिलं. कोणी पाहिली नव्हती. परवा आमचं विमान होतं. लेक रडत नव्हती, नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती.

हवालदाराला सोडलं, म्हटलं निदान हा तरी वास काढेल. तो घरात आला, आतल्या खोलीत गेला आणि भिंतीजवळ नाक जमिनीला लावून बसला. मी ओढलं, तो हलेना. शिकवलं एवढं तुला, मी ओरडले, आणि ऐन वेळी झोपा काढतोस? तो बारीक कण्हला आणि आणखी घट्ट बसला.

लेक म्हणाली, "आई, तो बसलाय तिथे काय होतं?"

त्या जागी फरशीवर एक फिकट चौकोन होता. तीन वर्षं तिथे पहिल्या रात्रीची पेटी होती.

मला झाकण आठवलं. ते लागत का नव्हतं? पेटी तर नेहमीएवढीच भरली होती. ब्लँकेट मी घडी घालून ठेवलं होतं आणि परत आले तेव्हा ते फुगलेलं होतं. आणि नवऱ्याचा स्वेटर मी त्या ब्लँकेटच्या खालीच घातला होता. मी त्यावर बसले होते. सगळं अंग टाकून बसले होते.

एक झुरळ जिवंत पोचणार नाही, मॅडम.

मुकादमाला फोन लावला; वाजत राहिला. पुन्हा लावला. टॅक्सी थांबवली तर ड्रायव्हर कुत्रा घेणार नाही म्हणाला. मी काय बोलले ते आठवत नाही, पण त्याने मुकाट दार उघडलं. वाटेत लेकीने एकदाच विचारलं, पेटीत हवा असते का. पेटीची दुसरी कडी गेल्या बदलीत तुटली होती, तिथे बोट जाईल एवढं भोक होतं. असते, मी म्हटलं. पत्रा उन्हात किती तापतो ते मी बोलले नाही.

गोदाम बंदराच्या अलीकडे, लांबलचक आणि उंच छपराचं. कंटेनरचं दार लागलेलं, त्यावर सील. शेजारी रबरी हातमोजे घातलेला गॅसवाला सिलिंडरला नळी जोडत होता. हवालदार मला ओढत थेट त्या दाराशी गेला आणि मागच्या पायांवर उभा राहून ते खरवडायला लागला.

मुकादम धावत आला. मी सांगितलं ते त्याने ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. आत आणखी एका कुटुंबाचं सामान होतं. सील तोडलं तर पुन्हा तपासणी, आणि हे जहाज चुकलं तर पुढचं कधी ते सांगता येत नाही. शिवाय ती पेटी कुठे होती? ट्रकमध्ये शेवटी चढली म्हणून इथे सगळ्यांत आधी उतरली, आणि कंटेनरमध्ये सगळ्यांत आधी गेली. पार आत, भिंतीला लागून. आमचाच नियम आमच्या मुळावर आला होता.

"सामान साहेबांच्या नावावर आहे," तो म्हणाला. "त्यांनी सांगितलं तर तोडतो. पण मॅडम, मांजर आत आहे हे नक्की ना?"

मी हो म्हणू शकले नाही. आवाज आला नव्हता, कोणी पाहिलं नव्हतं. मी कंटेनरच्या पत्र्याला कान लावला. काही नाही. गॅसवाल्याने हातातली नळी खाली ठेवली, पण मोजे काढले नाहीत.

नवऱ्याला फोन लावला. तिकडे पहाट असावी. तो लगेच जागा झाला. मी घाईने, तुटक तुटक सांगितलं. त्याचं पहिलं वाक्य काय असेल ते मला माहीत होतं. तिकडे त्याचे वरिष्ठ, त्याची नवी जागा, आणि आल्या आल्या बायकोने सरकारी खर्चाच्या कंटेनरचं सील तोडलं. पण तो तसं काहीच बोलला नाही.

"तुला खात्री आहे?"

"नाही," मी म्हटलं. "मला काहीच खात्री नाही. हवालदार सांगतोय. पेटी उचलली तेव्हाच सांगत होता, मीच त्याला बांधून घातलं."

पलीकडे तो उठून बसल्याचा आवाज आला.

"पहाऱ्यावरचा सांगतोय तर उघडायचं," तो म्हणाला. "मुकादमाला फोन दे. आणि मी फोन ठेवत नाहीये."

सील तुटलं. आधी दुसऱ्या घराचं सामान निघालं. त्यांचा सोफा, त्यांचं शिलाई मशीन, खोकीच खोकी. मुकादमाच्या माणसांबरोबर मीही ओढत होते. मला कोणी अडवलं नाही. मग आमच्या पेट्या. प्रत्येक पेटीवर माझ्याच हाताने लिहिलेलं नाव, आणि प्रत्येक वेळी ती नव्हेच. कुलपाशेजारी भोक असलेली पेटी शेवटी निघाली. ती दोघांनी बाहेर आणून ठेवली. हवालदार भोकाला नाक लावून थरथरत होता. आतून काही आवाज नव्हता.

मी लेकीला म्हटलं, तू तिकडे बघ. ती तिकडे बघितल्यासारखं करून माझ्याकडेच बघत राहिली. किल्ली कुलपात जाईना. मग मुकादमाने कुलूप धरून ठेवलं. झाकण उचललं. ब्लँकेट, आणि मधोमध एक उंचवटा. तो हलत नव्हता. आयुष्यात मला इतकी भीती वाटली नव्हती, लेकीच्या वेळी बाळंतपणातसुद्धा नाही. मी देवाला काही कबूल केलं नाही, काही मागितलं नाही, नुसतं ब्लँकेटचं टोक धरलं आणि उचललं.

स्वेटरच्या बाहीत तोंड खुपसून बाईसाहेब पडल्या होत्या. एक डोळा उघडला. मग दुसरा.

ती उठली, पाठीची कमान केली, जांभई दिली आणि पेटीच्या काठावरून खाली उतरली. लेक पकडायला धावली, मी तिला थांबवलं. मुकादमाच्या माणसांनी गोदामाचं मोठं दार सावकाश ओढून घेतलं. बाईसाहेब आमच्या कोणाकडे न बघता भिंतीपाशी गेली आणि कडेकडेने चालायला लागली. पहिला कोपरा हुंगला. तिथून दुसऱ्याकडे. हवालदार तिच्यामागे दोन हात अंतर ठेवून चालला.

"आई," लेक म्हणाली, "तिला वाटतंय आपण पोचलो."

तेव्हा मी त्या गोदामात, सगळ्या माणसांसमोर, पेटीला टेकून बसले आणि रडले. ती काही चुकून अडकली नव्हती. ती आमच्याबरोबर यायला निघाली होती. बदली होतेय हे तिने ओळखलं होतं, पेटी उघडी दिसली, आणि मागे राहायचं नाही म्हणून सगळ्यांत आधी जाऊन बसली होती. मी तीच पेटी नको म्हणून जहाजावर टाकत होते.

फोनमधून नवरा विचारत होता, आहे का, आहे का ती.

"आहे," मी म्हटलं. आणि मग थांबता आलं नाही. "मला भीती वाटतेय रे तिकडे यायची. पहिल्यापासून वाटतेय."

इतक्या वर्षांत असं वाक्य आमच्या घरात कोणी बोललं नव्हतं.

"मलाही," तो म्हणाला. "इथे आल्यापासून एक रात्र धड झोपलो नाहीये. ती पेटी विमानात घालून घेऊन ये."

माझ्या कपड्यांची बॅग उद्या आणून देते, तिच्याऐवजी ती जहाजाने येऊ दे, असं मी मुकादमाला सांगितलं. गॅसवाला हातमोजे काढून चहाला गेला. बाईसाहेब शेवटचा कोपरा तपासून परत आली, माझ्या पायाशी बसली आणि जेवायला मागू लागली.