नोंदवहीतला अंगठा

तहसील कचेरीच्या आवारात नोटरीच्या टेबलासमोर अक्षया उभी राहिली, तेव्हा अकरा वाजून गेले होते. काम एवढंसं होतं. लेकीच्या जन्मदाखल्यात वडिलांचं नाव चुकलं होतं, ते सुधारायला प्रतिज्ञापत्र हवं होतं. तिचा धाकटा दीर सर्वेश चार दिवस म्हणत होता की वैनी, तुम्ही कशाला उन्हाचं येताय, कागद द्या, मी करून आणतो. आपल्या नावाचं प्रतिज्ञापत्र आपल्याशिवाय कसं होतं, हे बीकॉम झालेल्या अक्षयाला कळेना. ती हट्टाने आलीच. मग नातीला सांभाळायला म्हणून सासूही निघाली.

नवरा हातखंब्याच्या वळणावर ट्रेलरखाली गेला, त्याला आठ महिने झाले होते. तिथेच हायवेला लागून त्याच्या नावावर कातळाचा एक तुकडा होता. त्याच्यामागे लेकीसाठी उरलं होतं ते तेवढंच. घरात सगळे अक्षयाशी फार गोड वागत. जमिनीचा विषय निघाला की मात्र कुणीतरी उठून पाणी प्यायला जाई.

नोटरींनी मान वर न करता शिक्के मारले. कारकुनाने जाड नोंदवही पुढे सरकवली आणि शाईचं पॅड उघडलं. अक्षयाने पेन मागितलं, तसा तो थबकला. तिचं आधार कार्ड पाहून त्याने काही पानं मागे उलटली.

“मागच्या खेपेला अंगठा होता तुमचा. आता सही कशी?”

शेजारी मोबाइल बघत असलेल्या सर्वेशचं बोट स्क्रीनवरच थांबलं.

अक्षयाने वाकून पाहिलं. नाव तिचं, पत्ता तिचा. हातखंब्याच्या जमिनीवरचा स्वतःचा नि मुलीचा हक्क सोडत असल्याचं संमतीपत्र. तारीख बारा फेब्रुवारी. त्या दिवशी न्यूमोनिया झालेल्या लेकीला मांडीवर घेऊन ती दवाखान्यात बसली होती, सकाळपासून रात्रीपर्यंत. नावापुढे डाव्या अंगठ्याचा ठसा होता आणि ठशाच्या मधून एक तिरकी कोरी रेघ गेली होती.

ती रेघ तिने सासूच्या अंगठ्यावर रोज पाहिली होती. विळीवर सुरमई कापताना अंगठा कसा फाटला, हे सासू मासळी आणली की हटकून सांगायची. त्या घरातल्या बाया कागदावर अंगठाच देत आल्या होत्या. ही सून सही करते, हे सर्वेशच्या ध्यानातच आलं नसावं.

तिने बाहेर पाहिलं. फणसाखालच्या बाकावरून सासू उठली होती आणि नातीला कडेवर घेऊन रिक्षाकडे चालली होती.

“वैनी, अंगठाच द्या,” सर्वेश हळू आवाजात म्हणाला. “उगाच घोळ नको.”

आत्ता तोंड उघडलं तर काय होईल, हे तिने एका क्षणात मोजलं. पोर त्यांच्या कडेवर, आणि रात्री निजायचं त्यांच्याच छपराखाली. तिने पेन खाली ठेवलं. डावा अंगठा पॅडवर नीट फिरवला आणि सावकाश टेकवला, एकेक रेघ उमटेल असा. मागच्या नोंदीचा अनुक्रमांक तिने पाढ्यासारखा मनात घोकला. एकाच वहीत एकाच नावापुढे आता दोन वेगळे अंगठे होते, आणि दुसरा दिरानेच मागून घेतला होता. सर्वेशने सुस्कारा सोडला. वैनीला काही कळलं नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

रिक्षात सासूने पदराचं टोक पुढे केलं. “हात दे गो, पुसतंय मी.”

अक्षयाने हात दिला. शाई पुसता पुसता सासूची बोटं त्या व्रण नसलेल्या गुळगुळीत अंगठ्यावर थांबली. तिने स्वतःचा अंगठा मुठीत घेतला. वाकून सर्वेशकडे पाहिलं, मग सुनेकडे. बराच वेळ.

अक्षयाने लेकीला घ्यायला हात पुढे केले. सासूने पोरीला छातीशी आणखी घट्ट धरलं.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “बाय आजपासून माझ्याजवळच निजंल.”

रिक्षा सुरू झाली. अक्षयाने हात मागे घेतले नाहीत. तोंडाने आवाज न करता ती अनुक्रमांक म्हणत राहिली.