एकवीस वर्षांपूर्वीचा कण

डोळ्यात काही गेलं की आलापल्लीतल्या बायका आपलं पोर काखोटीला मारून थेट सुलतानाच्या ओसरीवर यायच्या. धानाचं कुसळ असो, लाकडाचा भुसा असो. सुलताना पोराचं डोकं मांडीवर घ्यायची, पापणी उलटायची, जिभेचा शेंडा एकदा फिरवायची आणि निघालेला कण तळहातावर थुंकून दाखवायची. तिचा नवरा बाबूभाई लाकूड कापायच्या आरा मिलमध्ये ग्राइंडरवर आऱ्याच्या पात्यांना धार लावायचा, त्यामुळे त्याचे डोळे तर तिच्या रोजच्या कामातच जमा होते. पोळ्या टाकता टाकता लोखंडाचा कीस काढून द्यायची ती. माझ्या हातून एक कण सुटला नाही, असं ती सगळ्या मोहल्ल्याला ऐकवायची आणि मोहल्ला मान डोलवायचा.

त्यामुळे चंद्रपूरच्या तपासणी केंद्रात फॉर्म भरून घेणाऱ्या पोरीनं बाबूभाईला विचारलं तेव्हा उत्तर सुलतानानंच दिलं.

चार तास एसटीत आदळत आली होती दोघं. बाबूभाईची कंबर तीन महिन्यांपासून धरलेली, डाव्या पायात मुंग्या. मिलमधल्या सगळ्यांनी एकच धोशा लावला होता, एमआरआय काढून घे, एमआरआय काढून घे. दिव्यानी नावाची ती पोरगी फॉर्म घेऊन समोर बसली आणि एकेक विचारत गेली. छातीत मशीन बसवलंय का? हाडात सळी, स्क्रू? काम काय करता?

"लाकडाचं," बाबूभाई म्हणाला. आलापल्लीत सगळे तेच म्हणतात.

"डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?"

बाबूभाईनं तोंड उघडलं. सुलताना आधीच म्हणाली, "नाई." तिच्या हिशेबानं जो निघाला तो गेलाच नव्हता.

"चाचा, तुम्ही सांगा."

बाबूभाईनं बायकोकडं पाहिलं. "हे म्हनते तर नाई."

दिव्यानीनं त्याच्याकडून पट्टा, चुन्याची डबी, गळ्यातला ताईत, सगळं काढून घेतलं आणि त्याला हिरवा झगा घालून आतल्या बाकावर बसवलं. मशीनमध्ये आधीचा पेशंट होता. तो बाहेर आला की बाबूभाई. "चाची, तुम्ही इथंच बसा. केसातली पिन घालूनसुद्धा आत यायचं नाही. आतला चुंबक कधी बंद होत नाही, असेल ते लोखंड खेचून घेतो," असं सांगून ती गेली.

सुलताना बसली. भिंतीपलीकडून मशीनचा आवाज येत होता, ठक ठक ठक, मग घुर्र, मग पुन्हा ठक ठक. कोणी पत्र्यावर हातोडा मारत बसल्यासारखा. आणि तिच्या डोक्यात तो चुंबक शिरला.

चुंबक तिनं पाहिलेला होता. बाबूभाईच्या ग्राइंडरजवळ सुतळीला बांधलेला असायचा. तो नुसता वरून फिरवला की खाली सांडलेला कीस काट्यासारखा उभा राहायचा आणि टपाटप उड्या मारून त्याला चिकटायचा.

त्यांची मुलगी अरीबा सहा महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट तिला आठवली, आणि ती बाकावरून उठली.

त्या दिवशी पोरगी तापानं फणफणली होती, मांडीवरून खाली ठेवू देत नव्हती. बाबूभाई डावा डोळा धरून आला. सुलतानानं पोरीला खांद्यावर टाकूनच जीभ फिरवली. एकदा, दोनदा, तीनदा. जिभेला काही लागलं नाही. पोरगी किंचाळत होती. सुलताना वैतागून थुंकली आणि म्हणाली, "निघाला." डोळा आठ दिवस लाल राहिला, मग बरा झाला. पण तेव्हापासून बाबूभाई पात्याचे दात मान वाकडी करून, उजव्या डोळ्यानं बघायला लागला. तिनं कधी विचारलं नाही. विचारायची तिची हिंमतच झाली नव्हती.

आवाज थांबला. मग घुर्र करून पुन्हा सुरू झाला.

ती दारापर्यंत गेली, परत आली, पाणी प्यायली, परत गेली. नसेलच तिथं काही. एकवीस वर्षांत गंजून गेलं असेल. आणि सांगायचं तरी काय? की मी खोटं बोलले? त्या पोरीसमोर, बाकावर बसलेल्या चार लोकांसमोर? आणि त्याच्यासमोर? एकवीस वर्षं ज्याला वाटतंय की बायकोनं कण काढला, त्याला आता या वयात सांगायचं? या अल्ला, त्या दिवशी जीभ झडली का नाही माझी. आवाज पुन्हा थांबला. तिनं वाट पाहिली. या वेळी सुरू झाला नाही.

आतलं दार उघडल्याचं ऐकू आलं. सुलतानानं दाराच्या काचेवर दोन्ही हातांनी बडवलं.

दिव्यानी चिडूनच बाहेर आली. तिच्यामागं झग्यातला बाबूभाई कंबरेवर हात ठेवून जड दाराकडं निघालेला दिसला. "त्याहिले थांबवा," सुलताना म्हणाली. "डाव्या डोळ्यात लोखंड आहे. मी काढला म्हनली, पण निघाला नव्हता."

दिव्यानीचा राग जागच्या जागी उतरला. तिनं बाबूभाईला दंडाला धरून मागं आणलं आणि डोळ्याचा साधा एक्सरे काढायला पाठवलं. अर्ध्या तासानं फोटो आला. काळ्या खोबणीत तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. "चुंबकानं हा हलला असता तर डोळा आतून फाडला असता," केंद्रातले डॉक्टर म्हणाले. आधी डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा, म्हणाले. त्यांनी बाबूभाईला टाचेवर, चवड्यावर चालायला लावलं, लघवीचा काही त्रास आहे का विचारलं. पायात जोर शाबूत होता. "या वयात मणक्यातली गादी सरकलेली तर कंबर न दुखणाऱ्यांच्या फोटोतही दिसते. आधी व्यायाम करा. पाय लुळा पडला, लघवी अडली, तर मात्र त्याच दिवशी या. तेव्हा दुसऱ्या मशीनवर बघू."

दोघं बाहेर बाकावर बसली. सुलतानाला वर बघवेना.

"मले मालूम होतं," बाबूभाई म्हणाला.

"काय?"

"निघाला नव्हता ते. टोचून राह्यला होता ना मले. पन पोरगी तापानं लाल झाली होती, तू रडकुंडीले आली होती. तू निघाला म्हनली, मी बरं म्हनलो."

सुलतानाचं टाळकं सरकलं. "मंग आज ते पोरगी इचारून राह्यली होती तवा मूग गिळून काऊन बसले? डोळा गेला असता तर?"

"तू नाई म्हनली होती. परक्या मानसांत तुले खोटी पाडू का?"

तिला ओरडायचं होतं. ते राहून गेलं. तिनं ओढणीनं डोळे पुसले, त्याच्यावर रागावूनच.

दिव्यानी दुरुस्त केलेला फॉर्म घेऊन आली. हा कागद जपून ठेवा, कुठंही मशीनमध्ये जायच्या आधी दाखवा, असं म्हणाली. "चाची, तेव्हा कण कोणी काढायचा प्रयत्न केला होता? डॉक्टरनं?"

बाकावरचे चारही लोक ऐकत होते.

"मी," सुलताना मोठ्यानं म्हणाली. "लिहा, माह्याच्यानं निघाला नाई."

बाबूभाईनं सहीसाठी मान वाकडी केली. सुलतानानं कागद त्याच्या उजव्या डोळ्यासमोर सरकवून धरला. मग पायऱ्या उतरताना ती त्याच्या डाव्या बाजूला आली आणि स्टँडवर पोचेपर्यंत त्याच बाजूनं चालली.