एकाच बॅगेतले दोन डबे

"आधी चाळून घ्यायचं, आई. गाठी राहिल्या की मग कितीही घुसळ, मोडत नाहीत."

अश्विनीनं फोनवर सांगितलं होतं तसंच विमलबाई करत होत्या. चहाची नवी गाळणी वाडग्यावर धरून त्यांनी त्यात दीड चमचा भुकटी टाकली आणि चमच्याच्या पाठीनं ती हलकेच दाबत राहिल्या. भुकटी खाली उतरली, वाडग्याच्या पांढऱ्या तळाशी पसरली, आणि त्यांचा हात थांबला.

भुकटी म्हणावी तशी हिरवी नव्हती. अश्विनीनं व्हिडिओवर दाखवली होती ती कोवळ्या लसूणघासासारखी होती, बघताना डोळ्यांना गार वाटावं अशी. ही वाळल्या पाल्याच्या रंगाची, पिवळ्यावर गेलेली.

"मेंदी आहे ती," भाऊसाहेब दारातून म्हणाले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून शेरे मारणं हीच त्यांची ड्यूटी झाली होती. "डोक्याला लाव. पितेस काय?"

"जपानचा चहा आहे. माचा म्हणतात."

"दूध नाही, साखर नाही. ह्याला चहा म्हणायचं, तर काढ्यानं काय घोडं मारलंय?"

विमलबाई ओट्याकडं वळल्या. पाणी उकळून खाली उतरवलं होतं. उकळतं ओतायचं नाही, वाफेचा जोर ओसरू द्यायचा, हेही अश्विनीनंच सांगितलेलं. त्यांनी थोडं पाणी ओतलं आणि अश्विनीनं पाठवलेली बांबूची इवलीशी रवी हातात घेऊन भराभर पुढं-मागं फिरवली. फेस आला, पण विरळ. बघता बघता विरला. त्यांनी एक घोट घेतला. कडू. कडूचं काही नव्हतं, अश्विनी म्हणालीच होती की आधी कडवट लागतो आणि मागून गोडवा येतो. त्या गोडव्याची वाट बघत उभ्या राहिल्या. मागून काहीच आलं नाही.

"डबा बदललाय," त्या हळूच म्हणाल्या.

"कोणी?"

"आणणाऱ्यानं."

आणणारा म्हणजे सम्राट. कर्जतचा मुलगा, जपानात अश्विनीच्याच गावी एका कारखान्यात इंजिनीअर. अश्विनी तिथं तीन वर्षांपासून वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची सेवा करत होती, आणि तिच्या फोनवरच्या बोलण्यात गेल्या वर्षभरात हे नाव फार येऊ लागलं होतं. शेवटी फेब्रुवारीत तिनं सरळच सांगितलं. सम्राट सुट्टीवर येणार होता, त्याच्यासोबत तिनं चहा पाठवला. विमलबाई दर पौर्णिमेला उपोसथ धरत, आठ शीलं पाळत, बारानंतर अन्नाचा कण तोंडात घालत नसत. बिनदुधाचा चहा तेवढा चालायचा. "तुझ्या उपोसथासाठीच पाठवते, आई," अश्विनी म्हणाली होती. खरं तर तिला आईनं चहा प्यावा यापेक्षा आईनं चहा आणणाऱ्याला बघावं असं वाटत होतं, आणि हे दोघींनाही ठाऊक होतं.

विमलबाईंनी तेव्हा शब्द दिला होता. "चैत्र पौर्णिमेला मी स्वतः कर्जतला जाईन. त्याच्या आईला भेटेन. उपोसथाच्या दिवशी माझं मन निवळ असतं. घर बघेन, माणसं बघेन, आणि मग सांगेन."

पण सम्राट सावेडीच्या या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा आला तेव्हाच एक गोष्ट त्यांच्या नजरेत राहून गेली होती. सोफ्याच्या कडेला बसून त्यानं बॅग उघडली. "दोन आणलेत. एक तुमाला, एक माझ्या आईला," असं म्हणून एक डबा बाहेर काढला, फिरवून बघितला, परत आत ठेवला आणि दुसरा काढून त्यांच्या हातात दिला. आता अकरा दिवसांनी, कडू तोंडानं, तो परत आत गेलेला डबा त्यांना लख्ख दिसू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सम्राटच दारात उभा. अश्विनीनं पाठवलं होतं, चहा कसा करायचा ते दाखवायला.

"जय भीम, काकू."

"जय भीम. बस."

तो बसला नाही. हात धुऊन ओट्याशी गेला. डब्याचं झाकण काढलं, आत बघितलं, आणि क्षणभर तसाच राहिला. मग डबा नाकाशी नेला. विमलबाई त्याच्या चेहऱ्याकडं बघत होत्या. घरात एखादी वस्तू सापडेनाशी झाली की ज्याच्याकडं संशय असतो त्याच्याकडं बघावं, तसं. त्यानं त्यांच्याकडं बघितलंच नाही. त्याची नजर बाहेरच्या खोलीत गेली, जिथं फळीवर बुद्धमूर्ती होती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, आणि समोर सकाळच्या वंदनेची उदबत्ती अजून जळत होती.

"काकू, डबा कुठं ठेवला हुता?"

"का?"

"न्हाई, सहज इचारलं."

"बुद्धासमोर ठेवला होता," विमलबाई म्हणाल्या. "तू दिलास त्याच दिवशी आतली पिशवी कापली, झाकण काढलं आणि ठेवला. बंद डबा समोर ठेवणं म्हणजे दिल्यासारखं करणं आणि न देणं. काल मी उतरवेपर्यंत कुणी हात लावलेला नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दामच सावकाश म्हटलं.

सम्राटनं मान हलवली. झाकण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

"बरोबर केलंत तुमी," तो म्हणाला. "ह्यो प्रवासातच तापला असंल. माझ्याकडनंच राहिलं. चूक माझीच हाय."

"प्रवासात?"

"व्हय. ह्याला उष्णता सोसत न्हाई."

"दोन्ही डबे एकाच बॅगेत होते ना?"

तो थांबला. "एकाच."

"तुझ्या आईचा कसा निघाला?"

बाहेर भाऊसाहेबांनी पेपर खाली केला होता. सम्राटनं रवी उचलून नळाखाली धरली. ती स्वच्छच होती, तरी धुतली.

"चांगला हाय," तो म्हणाला.

"हिरवा?"

"हिरवा."

यापुढं विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. एका बॅगेतले दोन डबे, एक तापला आणि एक तापला नाही, असं सांगून मुलगा भांडी धूत उभा होता. विमलबाईंचा आवाज कधी चढत नसे, आताही चढला नाही. त्यांनी त्याला पोहे दिले. त्यानं ते मान खाली घालून संपवले, आणि जाताना म्हणाला,

"आईचा डबा आणून देतो, काकू. तिला काय, ती दुधाचाच पिती."

"नको. दिलेलं परत घेऊ नये."

तो गेल्यावर भाऊसाहेब म्हणाले, "पोरगं कबूल तरी झालं. आमच्या वर्कशॉपात बोल्ट चोरणारा कधी कबूल झाला नाही."

"कबूल कुठं झाला? प्रवासावर ढकललं त्यानं."

"मग काय स्टँप पेपरवर लिहून देईल?"

"तुम्ही थट्टा करू नका. चहाचं काही नाही हो. पण आज चहा बदलतो, तो उद्या काय बदलेल?"

भाऊसाहेबांनी पेपर परत वर केला. बायकोचा हा मऊ आवाज त्यांना पस्तीस वर्षांच्या परिचयाचा होता. तो असा खाली उतरला की गोष्ट ठरलेली असायची.

शुक्रवारी त्यांनी अश्विनीला सांगितलं. आडपडदा न ठेवता, पण वाईट शब्द न वापरता. डब्याचा रंग सांगितला, परत आत गेलेला डबा सांगितला, आणि तो स्वतःच काय म्हणाला तेही.

"चूक माझीच, असं म्हणाला?" अश्विनीनं विचारलं.

"त्याच्याच तोंडानं."



"आई, तो असा नाही."

"मी काय त्याच्या तोंडात शब्द घातले का?"

"मग तू रविवारी कर्जतला..."

"नाही जात."

"तू शब्द दिला होतास."

"तेव्हा मला माणूस ठाऊक नव्हता."

अश्विनी रडली नाही, भांडली नाही. "ठीक आहे," म्हणाली. ड्यूटीची वेळ झाली म्हणाली. शनिवारी तिचा फोन आला नाही, आणि तीन वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.

रविवारी पौर्णिमा. विमलबाईंनी पहाटे स्नान करून पांढरी साडी नेसली, वंदना केली, आठ शीलं घेतली. नऊच्या सुमाराला खालच्या मजल्यावरची रुपाली आली. ती तळमजल्यावर पार्लर चालवायची. तिच्या हातात स्टीलची छोटी डबी होती.

"काकू, ही तुमची डबी. त्या दिवशी डबा आला तेव्हा तुम्ही मला दोन चमचे दिले होते ना, जपानची पावडर? मी ठेवून विसरूनच गेले बघा. आज मटार काढायला गेले तर खाली ही. खरं सांगा, फेसपॅकला वापरली तर चालेल का?"

"चेहऱ्याला नाही लावायची. प्यायची आहे ती."

"मग तुम्हीच घ्या. मला माझा उकळलेला बरा."

विमलबाईंनी डबीचं झाकण काढलं.

आतलं हिरवं बघून त्यांनी झाकण ओट्यावर ठेवलं. मग कपाटातून पांढरी बशी काढली. डबीतली चिमूटभर एका बाजूला ठेवली. मोठा डबा उघडून त्यातली चिमूटभर दुसऱ्या बाजूला. एक कोवळा घास, एक वाळला पाला. दोन्ही एकाच डब्यातली. त्यांनी स्वतःच्या हातानं, पिशवी कापली त्याच दुपारी काढून दिलेली.

"कुठं ठेवली होतीस म्हणालीस?"

"फ्रीजरमध्ये. तुम्हीच सांगितलं होतं की, अश्विनीताई म्हणाल्यात थंड आणि अंधारात ठेवायची, झाकण घट्ट लावून. काय झालं काकू, बिघडली का?"

"नाही. चांगली आहे."

रुपाली गेल्यावर विमलबाईंनी मोठा डबा नाकाशी नेला, सम्राटनं नेला होता तसा. मोगऱ्याच्या उदबत्तीचा वास आला. त्या घरात तो वास भिंतींनाच होता, म्हणून तो वेगळा असा त्यांना कधी येतच नसे. डबा तसाच हातात धरून त्या बुद्धमूर्तीसमोर गेल्या. फळी पश्चिमेच्या खिडकीशेजारी होती. मूर्तीखालचं निळं कापड खिडकीकडच्या अंगानं पांढुरकं झालं होतं. दर वर्षी होई. दर वर्षी त्याच ते बदलत, आणि उन्हानं विटलं म्हणत.

अश्विनीचं सांगणं त्यांना तोंडपाठ होतं. रुपालीला ते त्यांनी शब्दन् शब्द सांगितलंही होतं. फक्त बुद्धासमोर ठेवलेली वस्तू उन्हात, उघडी ठेवली आहे, असं त्यांच्या मनात आलंच नव्हतं. ती अर्पण केलेली होती.

आणि त्या मुलाला हे नाकाशी डबा नेताच कळलं होतं. त्यानं एकदा विचारून घेतलं होतं, आणि उत्तर ऐकल्यावर "बरोबर केलंत" म्हणाला होता. त्यांनी त्याला दोन्ही डब्यांवरून कोंडीत धरलं तेव्हाही एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य सोडून तो धुतलेली रवी पुन्हा धूत राहिला.

तो परत आत गेलेला डबाही आता त्यांना पुरता आठवला. त्याची कड चेपलेली होती; धड डबा त्यानं त्यांना दिला होता. ते त्यांना तेव्हाही दिसलं होतं.

त्या बराच वेळ फळीसमोर उभ्या होत्या. हात जोडलेले नव्हते. मग खुंटीवरची पिशवी काढून त्यांनी त्यात पाण्याची बाटली ठेवली, चष्मा ठेवला, आणि जपानला फोन लावला.

अश्विनीनं उचलला. आवाज कोरडा होता. "बोल, आई."

"त्याच्या आईला काय म्हणतात?"

"कुणाच्या?"

"सम्राटच्या."

"गोजरबाई. का?"

"दुपारच्या घरी असतात का? की रानात जातात?"

"असतात घरी. आई, काय झालंय?"

"चूक माझी होती. पण ते आधी त्यांना सांगते, मग तुला."

भाऊसाहेब गॅलरीतून आत आले. बायकोच्या खांद्यावरची पिशवी बघून त्यांनी घड्याळाकडं बघितलं.

"कर्जतला?"

"हो."

"अगं, बारानंतर तू काही खायची नाहीस. ह्या उन्हात दोन-अडीच तास एसटीत. पुढच्या रविवारी जा की."

"पौर्णिमा आज आहे."

"मी येऊ?"

"तुम्ही आलात की बोलणं तुम्हीच कराल."

भाऊसाहेबांनी दाराची कडी काढून दिली आणि खाली वाकून चपला त्यांच्या पुढ्यात सरकवल्या.

विमलबाई जिना उतरू लागल्या. मधल्या वळणावर त्या एकदा थांबल्या आणि डोक्यावरचा पदर नीट केला, मुलीचं स्थळ घेऊन दुसऱ्याच्या दारी जाणाऱ्या बाईनं करावा तसा. मग रस्त्यावर येऊन त्यांनी माळीवाडा स्टँडकडं जाणाऱ्या रिक्षाला हात केला.